तिजोरीची किल्ली कोणाच्या कनवटीला? पंजाब, मार्च १९६८

१/ ७ मार्च १९६८. चंदीगडच्या विधानभवनात पंजाब विधानसभेचे अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होते. सभागृहात गोंधळ उसळला आणि अध्यक्षांनी कामकाज तहकूब केले. तहकुबी ही विधिमंडळात नित्याची गोष्ट. पण ही तहकुबी तासाभराची नव्हती, दिवसाचीही नव्हती. ती दोन महिन्यांची होती. आर्थिक वर्ष संपायला २४ दिवस उरले होते आणि नव्या वर्षाच्या खर्चाला सभागृहाची मंजुरी मिळालेली नव्हती. पुढील पाच महिन्यांत हा तंटा राजभवन, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या चढला. त्या तंट्याचा हा दीर्घ थ्रेड.

२/ विधिमंडळांचा इतिहास सांगताना पक्षांतरे, बहुमताची मोजदाद आणि राजीनामे यांच्याच कथा रंगतात. या प्रसंगातही ते सारे आहे. तथापि त्याच्या मुळाशी एक फार जुना प्रश्न आहे. राज्याच्या तिजोरीची किल्ली कोणाच्या कनवटीला असावी? राज्यपालांच्या, मुख्यमंत्र्यांच्या, अध्यक्षांच्या, की सभागृहाच्या? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याचे उत्तर एका ओळीत मिळते. मार्च १९६८ मध्ये ते एका ओळीत मिळाले नाही.

३/ आधी नियम पाहू जाता: राज्याचा महसूल ‘एकत्रित निधी’त जमा होतो. घटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे कायद्याच्या आधारावाचून त्यातून एक रुपयाही काढता येत नाही. हा आधार म्हणजे विनियोजन कायदा. प्रथम अर्थसंकल्प मांडला जातो. मग खात्याखात्याच्या अनुदान मागण्यांवर मतदान होते. शेवटी मंजूर झालेल्या रकमा एकत्र करून विनियोजन विधेयक संमत केले जाते. या साखळीची शेवटची कडी जोडली गेली नाही, तर कोषागारातून पैसा बाहेर पडू शकत नाही.

४/ काही खर्च ‘भारित’ म्हणून वेगळे काढलेले असतात: राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन, कर्जावरील व्याज. विधानसभा अध्यक्षांचे वेतनही याच यादीत येते. या खर्चावर सभागृहात मतदान होत नाही; परंतु विनियोजन कायद्यात त्याचाही समावेश असावा लागतो. म्हणजे ३१ मार्चची मध्यरात्र कायद्यावाचून उलटली असती, तर पोलीस शिपाई, शाळामास्तर आणि इस्पितळातील परिचारिका यांच्या जोडीने सभागृह तहकूब करणाऱ्या अध्यक्षांचे वेतनही अडकले असते.

५/ उशीर होऊ शकतो याची घटनाकारांना जाणीव होती. म्हणून अनुच्छेद २०६ मध्ये लेखानुदानाची सोय केलेली आहे: पूर्ण अर्थसंकल्पावर चर्चा चालू असताना काही महिन्यांपुरता खर्च आगाऊ मंजूर करून घ्यायचा. परंतु लेखानुदानालाही सभागृहाचेच मत लागते. अर्थसंकल्प संमत झाला नाही तर गतवर्षीचा आपोआप पुढे चालू राहील, अशी तरतूद आपल्या घटनेत नाही. सभागृह भरल्याखेरीज तिजोरी उघडायचीच नाही, असा तो बंदोबस्त आहे. तो इतका कडक का, हे समजण्यासाठी चंदीगडहून ४४ वर्षे मागे, नागपूरला जावे लागते.

६/ १९१९ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. ‘सोपीव’ खाती हिंदी मंत्र्यांकडे आली. १९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांताच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. कौन्सिलात शिरून ही पद्धतीच मोडायची, हा त्या पक्षाचा उघड कार्यक्रम होता. मार्च १९२४ मध्ये नागपुरात अर्थसंकल्प आला, तेव्हा त्यांनी सरकारच्या मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचे वेतन वर्षाला २ रुपये ठरवले.

७/ ती दोन रुपयांची थट्टा देशभर गाजली. सरकार मात्र थांबले नाही. कारण गव्हर्नरच्या हाती ‘प्रमाणित’ करण्याचा अधिकार होता. राखीव खात्यांची एखादी मागणी कौन्सिलाने नाकारली, तरी हा खर्च आपल्या जबाबदारीसाठी आवश्यक आहे असे गव्हर्नरने लिहून दिले की ती मंजूर धरली जाई. सभागृहाने ‘नाही’ म्हणावे आणि एका माणसाच्या सहीने त्याचे ‘हो’ व्हावे, अशी ती व्यवस्था होती. किल्ली लोकप्रतिनिधींच्या हाती दाखवायला दिलेली होती; चालणारी किल्ली गव्हर्नरच्याच खिशात होती.

८/ १९५० च्या राज्यघटनेने ही दुसरी किल्ली मोडून टाकली. मागणी मान्य करणे, नाकारणे किंवा तिच्यातील रक्कम कमी करणे हा अनुच्छेद २०३ नुसार विधानसभेचा अधिकार आहे. राज्यपालांना नाकारलेली मागणी सहीने जिवंत करता येत नाही. एका माणसाच्या ‘हो’चा बंदोबस्त झाला. एका माणसाच्या ‘नाही’चे काय करायचे, म्हणजे सभागृहाला मत देण्याची संधीच कोणी नाकारली तर काय, हा प्रश्न मात्र प्रत्यक्ष उभा राहीपर्यंत कोणाला फारसा सुचला नव्हता. तो १९६८ मध्ये पंजाबात उभा राहिला.

९/ १९६७ च्या निवडणुकीत पंजाब विधानसभेच्या १०४ जागांपैकी काँग्रेसला ४८ मिळाल्या, बहुमत हुकले. अकाली, जनसंघ, कम्युनिस्ट, रिपब्लिकन अशा परस्परांशी फारसे न पटणाऱ्या पक्षांनी संयुक्त आघाडी उभारली. उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती गुरनाम सिंग ८ मार्च १९६७ रोजी मुख्यमंत्री झाले. विधानसभेच्या अध्यक्षपदी जोगिंदर सिंग मान निवडून आले. आघाडीतील पक्षांना जोडणारे सूत्र काँग्रेसविरोधाचे होते, आणि सत्तेच्या उन्हात ते सूत्र लवकरच विरले.

१०/ नोव्हेंबर १९६७ मध्ये लछमन सिंग गिल यांनी सोळा सहकाऱ्यांसह आघाडी सोडली. गुरनाम सिंगांनी २२ नोव्हेंबरला राजीनामा दिला आणि २५ नोव्हेंबरला गिल मुख्यमंत्री झाले. सतरा जणांचा गट आणि त्याला बाहेरून काँग्रेसचा पाठिंबा! अर्थखाते मिळाले डॉ. जगजित सिंग चौहान यांना. ते रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर निवडून आले होते आणि आघाडीच्या काळात विधानसभेचे उपाध्यक्ष होते. पुढे खलिस्तान चळवळीचे नेते म्हणून जगाला माहीत झाले, ते हेच चौहान.

११/ या उलथापालथीत एक गोष्ट जागच्या जागी राहिली. बहुमत इकडून तिकडे गेले, पण अध्यक्ष आघाडीच्या काळात निवडलेलेच होते. घटनेप्रमाणे मुख्यमंत्री बदलला म्हणून अध्यक्ष बदलत नाही, आणि ते योग्यच आहे. अध्यक्षपद सरकारचे नसते, सभागृहाचे असते. परंतु त्या काळात सभागृहाचा कौलच महिन्यामहिन्याला बदलत होता. पक्षांतरबंदीचा कायदा यायला अजून सतरा वर्षांहून अधिक अवकाश होता. नव्या बहुमताचा अध्यक्षांवर विश्वास नव्हता, आणि अध्यक्षांच्या लेखी या बहुमताची उत्पत्तीच संशयास्पद होती.

१२/ हे केवळ पंजाबात घडत नव्हते. पश्चिम बंगालमध्ये राज्यपाल धर्मवीर यांनी नोव्हेंबर १९६७ मध्ये अजय मुखर्जी यांचे मंत्रिमंडळ बरखास्त करून प्रफुल्लचंद्र घोष यांना शपथ दिली. विधानसभा २९ नोव्हेंबरला भरली, तेव्हा अध्यक्ष विजयकुमार बॅनर्जी यांनी हे नवे सरकारच घटनाबाह्य असल्याचा निर्णय देऊन सभागृह बेमुदत तहकूब केले. फेब्रुवारी १९६८ मध्ये तेच पुन्हा घडले. २० फेब्रुवारीला बंगालमध्ये राष्ट्रपती राजवट आली. अध्यक्षांच्या हातातली तहकुबी सरकारला उलथवू शकते, हा धडा देशाने पाहिला होता.

१३/ बंगालमधील राष्ट्रपती राजवटीला दोन दिवस होताहेत तोच, २२ फेब्रुवारीला, पंजाबचे अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्षांविरुद्ध अविश्वासाचा प्रस्ताव सभागृहापुढे आला. ७ मार्चच्या गदारोळात अध्यक्षांनी नियम १०५ चा आधार घेतला. सभागृहात गंभीर बेशिस्त माजल्यास तहकुबीचा अधिकार देणारा हा नियम. गोंधळ शमावा, डोकी थंड व्हावीत, यासाठी केलेल्या या नियमाचा वापर करून सभागृहाला ७ मेपर्यंत कुलूप लावले गेले. दरम्यान ३१ मार्च येऊन जाणार होता, हे सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक होते.

१४/ राजभवनात होते डॉ. डी. सी. पावटे. हे नाव महाराष्ट्रालाही परके नव्हते. ते मुळातले गणिती, केंब्रिजमध्ये शिकलेले. जुन्या मुंबई राज्याचे ते शिक्षण संचालक होते आणि पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पंजाबचे राज्यपालपद स्वीकारून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. राजकारणात मुरलेला नसलेला हा माणूस एका अशा पेचासमोर येऊन ठेपला होता, की ज्याचे उत्तर कोणत्याही पूर्वीच्या दाखल्यात सापडत नव्हते.

१५/ मार्ग तसे चारच होते. एक: काहीच न करता मे महिन्याची वाट पाहणे, म्हणजे १ एप्रिलला रिकामी तिजोरी. दोन: खर्चाची मंजुरीच वटहुकुमाने देणे, म्हणजे नागपूरच्या गव्हर्नरची मोडलेली किल्ली पुन्हा घडवणे. तीन: राष्ट्रपती राजवट, म्हणजे पंजाबच्या अर्थसंकल्पाचा निर्णय दिल्लीच्या संसदेकडे. चार: सभागृह पुन्हा भरवणे. चौथा मार्ग दिसायला सर्वांत साधा; पण अध्यक्षांनी तहकूब केलेले सभागृह राज्यपाल कसे भरवणार? तहकुबी मागे घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

१६/ इथे तहकुबी आणि सत्रसमाप्ती यांतला भेद कामी आला. तहकुबी म्हणजे चालू अधिवेशनातील विराम. तो अध्यक्षांचा अधिकार. सत्रसमाप्ती म्हणजे ते अधिवेशनच संपवणे. अनुच्छेद १७४ नुसार तो राज्यपालांचा अधिकार, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा. अधिवेशनच संपले, की त्यातील तहकुबीही त्याच्याबरोबर संपते. पावटे यांनी ११ मार्चला सत्रसमाप्ती केली. १३ मार्चला एक वटहुकूम काढला. १४ मार्चला विधिमंडळाला १८ मार्चसाठी पाचारण केले आणि आर्थिक कामकाज हाती घ्यावे असा संदेश पाठवला. चार दिवसांत तीन पावले, आणि प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर उभे.

१७/ या क्रमातही मर्म आहे. विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना वटहुकूम काढता येत नाही. आणि तहकूब सभागृह कायद्याच्या दृष्टीने अधिवेशनातच असते. म्हणून आधी सत्रसमाप्ती, मग वटहुकूम. त्याचा आधार होता अनुच्छेद २०९: आर्थिक कामकाज वेळेत पुरे व्हावे यासाठी विधिमंडळाला कायद्याने कार्यपद्धती ठरवता येते, आणि असा कायदा सभागृहाच्या स्वतःच्या नियमांवर मात करतो. त्यापूर्वी फारसे कोणाच्या नजरेत न भरलेले हे कलम त्या आठवड्यात अख्ख्या राज्याच्या तिजोरीचा आधार बनले.

१८/ वटहुकुमाचे कलम ३ थोडक्यात असे सांगत होते: आर्थिक कामकाज पुरे होईपर्यंत, सभागृहाने बहुमताने तसा ठराव केल्याखेरीज बैठक तहकूब करता येणार नाही. बारकाईने पाहिले तर येथे तहकुबीचा अधिकार राज्यपालांनी स्वतःकडे घेतलेला नाही. मुख्यमंत्र्यांकडेही तो दिलेला नाही. अध्यक्षांकडून काढून तो सभागृहाच्या बहुमताकडे सोपवला. सभागृहाला अर्थसंकल्प फेटाळायचा असता, तर ती वाट पूर्ण मोकळी होती. या तंट्याचा निवाडा करताना हा फरक नजरेआड होऊ देता कामा नये.

१९/ १८ मार्च. सभागृह भरले. अध्यक्षांनी निर्णय दिला की सत्रसमाप्ती बेकायदा आहे, ७ मार्चची तहकुबी कायम आहे, सबब सभागृह तहकूब आहे. एवढे सांगून ते निघून गेले. गदारोळातच उपाध्यक्ष आसनावर बसले. दोन विनियोजन विधेयके मांडली गेली आणि संमतही झाली. धन विधेयकावर अध्यक्षांचे प्रमाणपत्र लागते. ते उपाध्यक्षांनी दिले. त्या वेळी पंजाबात असलेल्या विधान परिषदेतून विधेयके पुढे गेली, राज्यपालांची संमती मिळाली आणि तिजोरी उघडी राहिली. ३१ मार्च उजाडायला अजून अवधी होता.

२०/ प्रकरण न्यायालयात गेले. आव्हान देणाऱ्यांत सत्यपाल डांग होते: अमृतसरच्या कामगारवस्तीतील कम्युनिस्ट नेते, आघाडी सरकारातील माजी मंत्री. १९६७ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री गुरमुख सिंग मुसाफिर यांचा पराभव करून ते विधानसभेत आले होते. त्यांचा आक्षेप हलक्या तोलाचा नव्हता. अध्यक्षांनी तहकूब केलेल्या सभागृहात, अध्यक्षांच्या अनुपस्थितीत, अध्यक्षांच्या प्रमाणपत्रावाचून झालेला कायदा हा कायदा कसा? पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हा आक्षेप मान्य करून विनियोजन कायदे घटनाबाह्य ठरवले. म्हणजे एव्हाना चालू झालेल्या सरकारी खर्चाखालचा पायाच निघाला.

२१/ सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३० जुलै १९६८ रोजी आला. तो लिहिला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. ज्या नगरीत दोन रुपये वेतनाचा ठराव झाला होता, तिथेच त्यांची कारकीर्द घडली. त्यांनी उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. सत्रसमाप्ती वैध, तिच्यामागे दुष्ट हेतू नाही, उलट घटनात्मक कोंडी फोडण्याची गरज आहे. अनुच्छेद २०९ खालचा कायदा वटहुकुमानेही करता येतो. तो लागू झाल्यावर अध्यक्षांनी त्याविरुद्ध केलेली तहकुबी निष्प्रभ. आणि प्रमाणपत्राची तरतूद निर्देशात्मक असल्याने तेवढ्या उणिवेने कायदा रद्द होत नाही.

२२/ अध्यक्षांच्या बाजूने काय म्हणता येईल, तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. गिल यांचे सरकार मतदारांनी निवडलेल्या आघाडीतून फुटून आणि जिला मतदारांनी बहुमत नाकारले त्या काँग्रेसच्या टेकूवर उभे होते. अशा सरकारला तिजोरी खुली करून देणे हा जनादेशाचा अवमान आहे, असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. शिवाय कार्यकारी सत्तेने वटहुकूम काढून विधानसभेची कार्यपद्धती ठरवावी, हे तत्त्व म्हणून अस्वस्थ करणारेच आहे. आज एका चांगल्या कारणासाठी उघडलेले दार उद्या वाईट कारणासाठीही उघडता येते.

२३/ ही भीती काल्पनिक नव्हती. आठ महिन्यांपूर्वीच, जुलै १९६७ मध्ये, मध्य प्रदेशात शिक्षण खात्याच्या मागण्यांच्या वेळी काँग्रेसचे ३६ आमदार फुटले आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार अल्पमतात आले. अर्थसंकल्पी अधिवेशन ऐन मध्यावर असताना राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने सत्रसमाप्ती केली. हत्यार तेच, उद्देश उलटा: पंजाबात सत्रसमाप्तीने सभागृहाला मत देण्याची वाट मोकळी केली, भोपाळमध्ये तिने मतदान लांबवले. मिश्र यांचा पराभव त्याच महिन्याच्या अखेरीस झाला. तेवढ्या दिवसांत बहुमत मात्र परत आले नाही.

२४/ म्हणून कोणाचा पक्ष बरोबर होता, यापेक्षा वेगळी कसोटी लावावी लागते. एखाद्या कृतीने अर्थसंकल्पाचा निर्णय सभागृहाकडे जातो, की सभागृहापासून दूर जातो? नागपूरच्या स्वराज्य पक्षीयांनी मागण्या फेटाळल्या, ते सभागृहाचेच मत होते. गव्हर्नरच्या सहीने ते पुसले गेले. चंदीगडच्या अध्यक्षांनी मत पडूच दिले नाही. एकाने ‘नाही’चे ‘हो’ केले, दुसऱ्याने प्रश्नच विचारू दिला नाही. हेतू भिन्न, काळ भिन्न, पण दोन्ही ठिकाणी सभागृहाची जागा एका माणसाने घेतली. या कसोटीवर पावटे यांचे पाऊल टिकते आणि अध्यक्षांचे टिकत नाही.

२५/ तरीही १८ मार्चला विजयदिन मानण्याचे कारण नाही. त्या दिवशी खर्च मंजूर झाला. खर्चाची चर्चा झाली नाही. पाण्याच्या पाटांवर किती, शाळांवर किती, पोलिसांवर किती, आणि तेवढेच का, हे विचारण्यासाठी अर्थसंकल्पी अधिवेशन असते. गोंगाटात घाईघाईने संमत झालेल्या विधेयकांनी पंजाबचे प्रशासन वाचवले, पण लोकप्रतिनिधींच्या हक्काची ती चौकशी मात्र हरवली. कोंडी कोणीही केली असो, किंमत तिथे चुकवली गेली. न्यायालय कायदा वैध ठरवू शकते. न झालेली चर्चा ते घडवून आणू शकत नाही.

२६/ गिल यांना या विजयाचा उपभोग फार दिवस घेता आला नाही. निकालानंतर महिना उलटण्याच्या आत काँग्रेसने पाठिंबा काढला आणि २३ ऑगस्ट १९६८ रोजी पंजाबात राष्ट्रपती राजवट आली. १९६९ च्या मध्यावधी निवडणुकीनंतर गुरनाम सिंग पुन्हा मुख्यमंत्री झाले. मग मार्च १९७० च्या शेवटच्या आठवड्यात, अकाली पक्षातील फुटीमुळे, त्यांचेच सरकार विनियोजन विधेयकावरून कोसळले. २७ मार्चला प्रकाशसिंग बादल यांनी प्रथमच मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

२७/ तेच विधानभवन, तोच मार्च महिना, तेच विधेयक. अवघ्या दोन वर्षांचे अंतर. १९७० च्या घडामोडींत पक्षांतर्गत हेवेदावे होते, निष्ठा बदलणारे होते, सारे काही होते. तरी पेच सुटायला ना वटहुकूम लागला, ना सर्वोच्च न्यायालय. सरकारला पैसा मिळवून देण्याइतका विश्वास सभागृहात उरला नाही, म्हणून सरकार गेले आणि दुसरे आले. पैसा नाकारण्याचा अधिकार इतका प्रभावी आहे, की सभागृहाने तो स्वतः वापरला तर कोणाला दाराला कुलूप लावण्याची गरजच उरत नाही.

२८/ हा प्रश्न १९६८ मध्येच संपला, असे मात्र समजू नये. १८ मार्च २०१६ रोजी, चंदीगडच्या त्या बैठकीनंतर बरोबर ४८ वर्षांनी, उत्तराखंड विधानसभेत विनियोजन विधेयक आले. भाजपचे २६ आणि काँग्रेसचे ९ अशा ३५ आमदारांनी मतविभाजन मागितले. अध्यक्षांनी आवाजी मतदानाने विधेयक संमत झाल्याचे जाहीर केले. २७ मार्चला राष्ट्रपती राजवट लागू झाली. आणि ३१ मार्च तोंडावर आल्याने राज्याच्या खर्चासाठी लेखानुदानाचा अध्यादेश राष्ट्रपतींना काढावा लागला. पंजाबात राज्यपालांनी टाळलेला मार्ग येथे वेगळ्या वेशात आला.

२९/ उच्च न्यायालयाने २१ एप्रिलला राष्ट्रपती राजवट रद्द केली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. अखेर त्याच न्यायालयाच्या देखरेखीखाली १० मे रोजी शक्तिपरीक्षण झाले आणि हरीश रावत ३३ विरुद्ध २८ मतांनी जिंकले. इतक्या फेऱ्या मारून प्रकरण शेवटी जिथे आले, ती जागा तीच: सभागृहातली मतमोजणी. १८ मार्चला मागितलेली मोजणी त्याच दिवशी झाली असती, तर निकाल कोणाच्याही बाजूने लागो, राज्याचे जवळजवळ दोन महिने अधांतरी गेले नसते.

३०/ इतिहासाच्या अभ्यासकाने या साऱ्यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट: अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यावर नजर ठेवावी. सरकारे बहुधा तिथे डगमगतात, आणि नियमांची खरी परीक्षाही तिथेच होते. दुसरी: गोंधळ कोणी केला याइतकेच, मतदान कोणी टाळले हे पाहावे. तिसरी: कोंडी नसतानाही मुदत संपली म्हणून अनेक खात्यांच्या मागण्या चर्चेवाचून एकदम मतास टाकल्या जातात, संसदीय भाषेत त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. त्यात अध्यक्ष निघून जात नाहीत, न्यायालयात कोणी धाव घेत नाही. हरवते तेच, जे १८ मार्च १९६८ ला हरवले होते.

३१/ चंदीगडच्या त्या चोवीस दिवसांनी भारतीय संसदीय व्यवहाराला एक निश्चित उत्तर दिले. अध्यक्षांचे आसन उच्च आहे, तरी ते सभागृहाच्या आत आहे. सभागृहाच्या वर नाही. राज्यपालांचे अधिकार मोठे आहेत, तरी खर्चाला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार त्यांत नाही. तिजोरीची किल्ली सभागृहाच्या कनवटीला आहे. ती फिरवायची की नाही, हे सभागृहाने ठरवावे. आणि ते ठरवण्यासाठी त्याला बसू द्यावे, बोलू द्यावे, मोजू द्यावे. नागपूरच्या दोन रुपयांपासून चालत आलेली मागणी एवढीच आहे. (समाप्त)